फाइल शेअरिंगसाठी पासवर्ड आणि फायरवॉल बंद करू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एका घरात दोन संगणक असणे आता नवलाचे राहिलेले नाही. तरीही एकावरची फाइल दुसऱ्यावर न्यायची म्हटली की बहुतेक जण पेनड्राइव्ह शोधतात, स्वतःलाच ईमेल करतात, नाहीतर क्लाउडवर चढवून पलीकडे उतरवून घेतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसतच नाही. ईमेलला जोडायच्या फाइलवर आकाराची मर्यादा असते. क्लाउडच्या वाटेने दहा फुटांवरच्या संगणकासाठी निघालेली फाइल आधी घराबाहेर जाते आणि मग परत येते, तीही अपलोडच्या वेगाने, जो बहुतेक जोडण्यांत डाउनलोडपेक्षा कमीच असतो. खरे तर दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले असतात. म्हणजे निम्मे काम आधीच झालेले असते. उरलेले निम्मे सेटिंगचे, आणि त्याला नवे काहीही विकत घ्यावे लागत नाही.

पण पत्र लिहिण्याचे मुख्य कारण वेगळे आहे. फाइल शेअरिंग जमले नाही की जो सल्ला हमखास दिला जातो, तो आम्हाला धोक्याचा वाटतो. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा’, ‘फायरवॉल बंद करून बघा’, ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या’ आणि ‘एसएमबी-१ चालू करा’. (फायरवॉल म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत, आणि एसएमबी-१ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत.) यातल्या एकाही गोष्टीची गरज नसते. अडचण बहुतेक वेळा तीन जागांपैकी एकीकडे असते: नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले असते, ज्या खात्याने आत शिरायचे त्याला पासवर्डच नसतो, किंवा दुसऱ्या संगणकाचे नाव सापडत नसते. तिन्हींवर नेमके उपाय आहेत.

सुरुवात नेटवर्कच्या नोंदीपासून. विंडोज १० आणि ११ प्रत्येक जोडणीला ‘प्रायव्हेट’ किंवा ‘पब्लिक’ ठरवते. पब्लिक म्हणजे स्थानकावरचे वा हॉटेलातले अनोळखी वायफाय, तिथे संगणकाने लपून राहायचे असते. विंडोज ११ नव्या नेटवर्कला आपण होऊन पब्लिक धरते, त्यामुळे घरचे वायफायही पब्लिकच राहून गेलेले असते. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा, वायफाय किंवा इथरनेट, जे वापरत असाल त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि प्रायव्हेट निवडा. हे दोन्ही संगणकांवर करायचे. मग विंडोज ११ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज’खाली ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’ उघडून प्रायव्हेटच्या भागात ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. विंडोज १० मध्ये हेच पान कंट्रोल पॅनेलच्या ‘नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर’मध्ये आहे. पब्लिकच्या भागातली हीच दोन बटणे बंदच राहू द्या. तोच लॅपटॉप उद्या बाहेरच्या वायफायला जोडला जाणार असतो.

एवढे केले की विंडोजची फायरवॉल फाइल शेअरिंगपुरती वाट स्वतःच मोकळी करते, आणि तीही फक्त प्रायव्हेट नेटवर्कवर. मग अख्खी फायरवॉल बंद करायचे काही कारणच उरत नाही. वेगळा अँटिव्हायरस बसवला असेल तर मात्र अनेकदा त्याची स्वतःची फायरवॉल असते. विंडोजमध्ये सगळे बरोबर करूनही दार उघडत नसेल तर त्या अँटिव्हायरसच्या सेटिंगमध्ये घरचे नेटवर्क ‘ट्रस्टेड’ किंवा ‘होम’ म्हणून नोंदवायचे राहिलेले असते. तेवढे नोंदवावे. अँटिव्हायरस काढून टाकू नये.

दुसरा मुद्दा पासवर्डचा, आणि सर्वाधिक लोक इथेच अडकतात. समजा, फाइल टेबलावरच्या संगणकात आहे आणि ती लॅपटॉपवरून उघडायची आहे. लॅपटॉप नाव आणि पासवर्ड विचारतो. आपण रोज चार अंकी पिन टाकून आत जातो म्हणून तोच पिन इथे टाकतो. तो चालत नाही, कारण पिन हा फक्त त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो ग्राह्य धरला जात नाही. काहींनी खात्याला पासवर्डच ठेवलेला नसतो. विंडोजमध्ये असा नियम मुळातच चालू असतो की बिनपासवर्डाचे खाते फक्त त्या यंत्रासमोर बसून वापरता येते, दुरून नाही. त्यामुळे पासवर्डची चौकट रिकामी ठेवून कितीही वेळा ओके दाबले तरी उपयोग नाही. तिसरा प्रकार मायक्रोसॉफ्ट खात्याचा. इथे नाव म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता आणि पासवर्ड म्हणजे त्या ऑनलाइन खात्याचा. त्यातही, संगणक पहिल्या दिवसापासून निव्वळ पिनवरच चालवला असेल तर बरोबर पासवर्डही नाकारला जाऊ शकतो. फाइल असलेल्या संगणकावर एकदा पिनऐवजी पासवर्ड टाकून साइन-इन केले की हा प्रश्न बहुधा सुटतो.

आमच्या मते या सगळ्या गुंत्यात न पडता फाइल असलेल्या संगणकावर शेअरिंगपुरते एक वेगळे लोकल खाते काढणे सर्वांत बरे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, मग ‘अदर यूजर्स’, मग ‘ॲड अकाउंट’. विंडोज ईमेल विचारेल. तिथे खालची ‘आय डोन्ट हॅव धिस पर्सन्स साइन-इन इन्फर्मेशन’ ही ओळ दाबा आणि पुढच्या पानावर ‘ॲड अ यूजर विदाउट अ मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ निवडा. नाव छोटे आणि साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, मधे जागा सोडू नका, आणि चांगला लांब पासवर्ड द्या. खाते ‘स्टँडर्ड’ प्रकारचेच राहू द्या, ॲडमिनिस्ट्रेटर करू नका. या खात्याने त्या संगणकावर कोणी बसून काम करायचे नाही, त्याचा उपयोग फक्त लॅपटॉपवरून आत शिरताना. फायदा असा की तुमचा मुख्य ईमेल-पासवर्ड दुसऱ्या यंत्रात साठवावा लागत नाही, आणि पुढे तो बदललात तरी शेअरिंग तुटत नाही.

आता फोल्डर. आख्खा सी ड्राइव्ह किंवा ‘यूजर्स’ फोल्डर शेअर करू नका. त्यात ब्राउझरने साठवलेल्या गोष्टींपासून प्रोग्रॅमच्या सेटिंगपर्यंत सगळे असते. डी ड्राइव्ह असेल तर त्यावर, नसेल तर सी वर, मुळाशी एक नवे फोल्डर काढा आणि जे वाटायचे आहे तेवढेच त्यात ठेवा. डेस्कटॉपवरचे किंवा ‘डॉक्युमेंट्स’मधले फोल्डर शेअर करणेही टाळावे, कारण हल्ली ती ठिकाणे अनेकदा वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, ताब्यात असतात. तिथली एखादी फाइल प्रत्यक्षात डिस्कवर उतरलेली नसते, नुसते तिचे चिन्ह दिसते.

फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधला ‘शेअरिंग’ टॅब उघडा. तिथे दोन बटणे आहेत. ‘शेअर’ हे सोपे: यादीत नव्या खात्याचे नाव घाला, ‘रीड’ किंवा ‘रीड/राइट’ निवडा, झाले. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’ हे दुसरे बटण वापरणारे मात्र एक गोष्ट विसरतात. फोल्डरच्या दाराला दोन कुलपे असतात, एक शेअरचे आणि दुसरे डिस्कवरच्या परवानग्यांचे, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही उघडावी लागतात. दोन्हींपैकी जे अधिक कडक, तेच लागू होते. ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’मध्ये तुम्ही ‘चेंज’ची परवानगी दिलीत पण ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये ते खाते घातलेच नाहीत, तर फोल्डर दिसेल आणि उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ येईल, किंवा उघडेल पण काही जतन करता येणार नाही. ‘एव्हरीवनला फुल कंट्रोल’ हा सल्ला जन्माला येतो तो याच ठिकाणी. त्याऐवजी ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये ‘एडिट’, ‘ॲड’ करून त्या खात्याला ‘मॉडिफाय’ द्या आणि शेअरच्या परवानगीतून ‘एव्हरीवन’ काढून तिथेही तेच खाते घाला. नुसते बघायचे किंवा कॉपी करून घ्यायचे असेल तर दोन्हीकडे ‘रीड’ पुरेसे आहे.

फोल्डर तयार झाले की ते लॅपटॉपवरून उघडायचे. एक्सप्लोररमधल्या ‘नेटवर्क’ या चिन्हावर फार विसंबू नका. तिथे संगणक दिसायला वेळ लागतो, कधी तो दिसतच नाही, आणि न दिसणारा संगणक उघडता मात्र येत असतो! एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश (\\), लगेच दुसऱ्या संगणकाचे नाव असे टाइप करून एंटर दाबा. नाव ‘सेटिंग्ज’मधल्या ‘सिस्टिम’, ‘अबाउट’ या पानावर सापडते. ते १५ अक्षरांच्या आत, इंग्रजी अक्षरे आणि अंक एवढेच वापरून ठेवलेले बरे. नाव-पासवर्डची चौकट आली की नावाच्या जागी आधी त्या संगणकाचे नाव, मग एक उलटा स्लॅश, मग खात्याचे नाव असे लिहा. नुसते खात्याचे नाव लिहिले की लॅपटॉप कधीकधी ते स्वतःचेच खाते समजतो.

नावाने उघडले नाही आणि ०एक्स८००७००३५ हा क्रमांक, म्हणजे ‘नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड’, असे आले तर नावाच्या जागी आयपी पत्ता, म्हणजे त्या संगणकाचा नेटवर्कवरचा क्रमांक, टाकून पाहा. फाइल असलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) लिहिले की ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ या ओळीत तो दिसतो. घरगुती राउटरवर तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. (टाइप करताना अर्थात इंग्रजी अंक.) पत्त्याने उघडले आणि नावाने नाही, तर जोडणी आणि परवानग्या ठीक आहेत, फक्त नावाचा शोध लागत नाही. ‘नेटवर्क’च्या यादीतही तो संगणक दिसत नसेल तर त्याच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सर्व्हिस चालू आहे का पाहा आणि तिचा प्रकार ‘ऑटोमॅटिक’ करा. पत्त्यानेही उघडले नाही तर पुन्हा प्रायव्हेट-पब्लिक तपासा. दोनपैकी एका संगणकावर ते राहून गेलेले असते. आणखी एक: पिंगला (दुसऱ्या संगणकाला हाक मारून पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर आले नाही म्हणून जोडणी तुटली असे समजू नका. पब्लिक नोंद असताना विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देऊ देत नाही, केबल आणि वायफाय ठणठणीत असले तरी.

त्रुटी क्रमांक १२१९ हा आणखी एक छळणारा प्रकार. विंडोज एकाच संगणकाशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या खात्यांनी बोलत नाही. आधी चुकीच्या खात्याने एकदा जोडले गेले असेल तर नवे नाव-पासवर्ड बरोबर असूनही ते नाकारले जाते. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली त्या संगणकाची जुनी नोंद काढून टाका, एकदा साइन-आउट करून परत या आणि मग नव्याने जोडा. सगळे नीट चालले की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने त्या फोल्डरला झेडसारखे एखादे अक्षर द्यावे आणि ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’वर टिक ठेवावी.

आता एसएमबी-१ विषयी, कारण यातला सर्वांत धोकादायक सल्ला तोच आहे. विंडोज फाइल शेअरिंगसाठी जी भाषा बोलते ती एसएमबी. तिची पहिली आवृत्ती १९८० च्या दशकातली. दुसरी विंडोज व्हिस्टापासून आली, तिसरी २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर सुमारे दीडशे देशांतल्या संगणकांवरच्या फाइली कुलूपबंद केल्या, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे काम कोलमडले. तो पसरला तो विंडोजच्या एसएमबी-१ मधल्या त्रुटीतून, आणि त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेली होती. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोजमधून ही आवृत्ती काढून टाकायला सुरुवात झाली. तिच्याबरोबर ‘नेटवर्क’मध्ये संगणकांची यादी दाखवणारी जुनी यंत्रणाही गेली, म्हणून ‘एसएमबी-१ चालू केले की संगणक दिसतो’ असा अनुभव काहींना येतो. पण विंडोज ७ आणि त्यानंतरची प्रत्येक विंडोज एसएमबीची दुसरी आवृत्ती बोलते. दोन्हीकडे तेवढे असेल तर पहिलीची गरज शून्य. ती लागते फक्त एक्सपीसारख्या यंत्राला, आणि तसे यंत्र नेटवर्कवर ठेवूच नये. त्यातल्या फाइली डिस्क काढून किंवा पेनड्राइव्हने एकदाच बाहेर काढाव्यात. एक्सपीसाठी घरातल्या बाकीच्या संगणकांची सुरक्षा खाली आणणे आम्हाला अजिबात पटत नाही.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करण्याची गतही तशीच. ते बंद केले की आत येणारा ‘गेस्ट’ म्हणून येतो, म्हणजे तुमच्या वायफायचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो कोणीही. पाहुण्यांचे मोबाइल, घरातला टीव्ही, कॅमेरा, सगळे त्याच नेटवर्कवर असतात. शिवाय हा उपाय आता चालतोही कमी. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून ‘प्रो’मध्येही पासवर्डाविना गेस्ट म्हणून दुसऱ्या संगणकात शिरणे बंद केलेले आहे. तेव्हा जो संदेश येतो त्यात ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे’ असे शब्द असतात. घरच्या संगणकावर कसली संस्था, म्हणून लोक गोंधळतात आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये, जाऊन ते धोरण मोडीत काढतात. संदेशाचा सरळ अर्थ एवढाच की पलीकडच्या संगणकाने पासवर्ड न विचारता आत घेऊ पाहिले आणि तुमच्या विंडोजने ते नाकारले. पासवर्डचे खाते काढा, तो संदेश पुन्हा येत नाही. विंडोज ७ मधल्या होमग्रुपची आठवण ठेवून कोणी तो शोधत असेल तर तो २०१८ मध्ये विंडोज १० मधून काढला गेला आहे, आता सापडणार नाही.

वेगाबद्दल गैरसमज फार आहेत. जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिटच्या पोर्टवरून सेकंदाला प्रत्यक्षात ११ एमबीच्या आसपास जातात आणि गिगाबिटवरून साधारण ११०. शंभर जीबीचे फोटो-व्हिडिओ हलवायचे तर पहिल्यावर अडीच तास, दुसऱ्यावर सुमारे पंधरा मिनिटे. अर्थात दोन्हीकडच्या डिस्कही तेवढ्या वेगवान हव्यात. राउटर घेताना वायफायच्या मोठ्या आकड्याकडे सगळे बघतात, पण काही राउटरचे लॅन पोर्ट (केबल लावायच्या जागा) अजून १०० मेगाबिटचेच असतात. खोक्यावर ‘गिगाबिट पोर्ट’ लिहिले आहे का, ते पाहावे. दोन्ही संगणक वायफायवर असतील तर प्रत्येक तुकडा आधी हवेतून राउटरकडे जातो आणि पुन्हा हवेतूनच दुसऱ्याकडे, म्हणून वेग निम्म्याच्या आसपास येतो. निदान एक संगणक केबलने राउटरला जोडला तरी फरक लगेच जाणवतो. आणि एक संगणक राउटरच्या ‘गेस्ट’ वायफायवर असेल, किंवा राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ चालू असेल, तर इंटरनेट दोन्हीकडे व्यवस्थित चालते पण संगणक एकमेकांना दिसत नाहीत. ते नेटवर्क त्याचसाठी असते. दोघांना मुख्य वायफायवर आणा.

केबल गिगाबिटसाठी कॅट-५ई प्रतीची पुरते, मर्यादा १०० मीटर. घरासाठी त्याहून महागडी कशाला? मात्र तारा तांब्याच्या हव्यात. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. ‘इथरनेट’च्या पानावर ‘लिंक स्पीड’ १००० ऐवजी १०० दिसत असेल आणि दोन्ही पोर्ट गिगाबिटचे असतील, तर दोष बहुतेक वेळा केबलचा. शंभर मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. बाकीच्या दोन जोड्यांतली एक तार जरी आतून तुटली किंवा कनेक्टरमध्ये नीट बसली नाही, तरी जोडणी गुपचूप शंभरावर येते आणि ‘चालतेय तर’ म्हणून वर्षानुवर्षे तशीच राहते.

स्वतः क्रिम्पिंग करणाऱ्यांसाठी, म्हणजे केबलला कनेक्टर बसवणाऱ्यांसाठी, तारांचा क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. इथे हिरवी जोडी फोडून तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर बसवलेली दिसेल, आणि नवख्याला ते चुकीचे वाटते. म्हणून तो हिरवा शेजारीच बसवून सगळ्या जोड्या ओळीने लावतो. दोन्ही टोकांना सारखेच केल्यामुळे स्वस्त टेस्टरचे आठही दिवे क्रमाने लागतात. टेस्टर खोटे बोलत नाही, तार इकडून तिकडे पोहोचते एवढेच तो सांगतो. पण तिसरी आणि सहावी पिन मिळून एक जोडी काम करते, आणि त्या दोन तारा एकमेकींना पिळलेल्या नसतील तर शेजारच्या जोडीचा गोंगाट त्यांत शिरतो. परिणाम असा की जोडणी लागते, तुटते, मोठी फाइल मधेच अडते, आणि दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधला जातो. जोडीचा पीळही कनेक्टरच्या तोंडापासून १.३ सेंटीमीटरपेक्षा जास्त उलगडू नये.

राउटर नसेल किंवा जुन्या संगणकावरचा सगळा साठा एकदाच नव्यावर आणायचा असेल, तर दोन संगणक थेट एका केबलने जोडता येतात. पूर्वी याला दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा असलेली क्रॉस केबल लागायची. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच करतात, त्यामुळे आता साधी केबल चालते. दोन्हीकडे जुने १०० मेगाबिटचे पोर्ट असतील तरच क्रॉसची गरज पडू शकते. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबी-टू-लॅन ॲडॉप्टर घ्यावा, तो यूएसबी ३ चा असावा. २ च्या ॲडॉप्टरवर गिगाबिटचा पूर्ण वेग मिळत नाही. दोन्ही टोकांना चपटी यूएसबी-ए पिन असलेली साधी केबल मात्र दोन संगणकांमध्ये लावू नका. दोन्ही संगणक स्वतःला मुख्य समजतात, दोन्हीकडून ५ व्होल्ट येतात, फाइल तर जात नाहीच, पोर्टला इजा होण्याचा धोका असतो. त्या कामासाठी मध्यभागी चिप असलेली वेगळी केबल मिळते, पण लॅन केबल असताना ती घ्यायचे कारण नाही.

थेट जोडणीत पत्ते वाटणारा राउटर नसतो. मिनिटभर थांबलात तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेते आणि काम चालूनही जाते. पण आपण होऊन पत्ते दिलेले जास्त खात्रीचे. ‘रन’मध्ये ‘एनसीपीए.सीपीएल’ (ncpa.cpl) लिहा, इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ उघडा, एका संगणकाला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ द्या. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. ‘डिफॉल्ट गेटवे’ आणि डीएनएस रिकामे सोडा. गेटवे भरला की संगणक इंटरनेटही याच केबलमधून शोधू लागतो आणि चालू वायफायवरचे इंटरनेट बंद पडल्यासारखे होते. तिसरा गट, म्हणजे इथला ५०, तुमच्या राउटरच्या पत्त्यांहून वेगळा हवा. दोन्ही सारखे झाले तर कोणती फाइल हवेतून जातेय आणि कोणती तारेतून, हे विंडोजलाही कळत नाही. फोल्डर उघडताना नावाऐवजी हाच पत्ता वापरा.

या पद्धतीत एक अडथळा येतोच. गेटवे नसलेल्या जोडणीला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ म्हणून पब्लिक ठरवते, आणि काही वेळा ती बदलायचे बटणही दाखवत नाही. तेव्हा पॉवरशेल (आज्ञा टाइप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘सेट-नेटकनेक्शनप्रोफाइल’ (Set-NetConnectionProfile) ही आज्ञा द्यावी लागते. तिला ‘-इंटरफेसअलायस’ने (-InterfaceAlias) जोडणीचे नाव आणि ‘-नेटवर्ककॅटेगरी’ने (-NetworkCategory) ‘प्रायव्हेट’ (Private) सांगायचे. केबल काढून पुन्हा लावली किंवा संगणक पुन्हा सुरू केला की ही नोंद परत पब्लिकवर जाऊ शकते. म्हणून रोजच्या वापरासाठी आम्ही थेट केबल सुचवत नाही. दोन्ही संगणक केबलने राउटरलाच जोडावेत. वेग तोच मिळतो आणि ही कटकट राहत नाही. काम झाल्यावर पत्त्याचे सेटिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणायला विसरू नका, नाहीतर पुढे राउटरला केबल लावल्यावर इंटरनेट मिळत नाही आणि कारण लक्षात येत नाही.

मोठा साठा हलवताना ओढून सोडण्यापेक्षा विंडोजमधलीच ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा बरी. जोडणी मधेच तुटली तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, आधी पोहोचलेल्या फाइली ती सोडून देते. ‘स्लॅश ई’ने आतली सगळी फोल्डरे येतात. ‘स्लॅश आर:२’ आणि ‘स्लॅश डब्ल्यू:५’ हे दोन मात्र न चुकता लावा. ते दिले नाहीत तर एखादी फाइल उघडली नाही की रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी तब्बल दहा लाख वेळा प्रयत्न करत बसते. ‘स्लॅश एमआयआर’ माहीत असल्याशिवाय वापरू नका, मूळ जागी नसलेल्या फाइली ते पलीकडून पुसून टाकते. हजारो छोट्या फाइली असतील तर गिगाबिटवरही वेग कोसळलेला दिसेल, कारण प्रत्येक फाइलमागे उघडणे, परवानगी तपासणे, बंद करणे हा व्यवहार असतोच. त्या झिप करून एक मोठी फाइल पाठवणे जलद पडते. आणि हलवाहलव चालू असताना दोन्ही संगणकांची ‘स्लीप’ बंद ठेवा. फाइल असलेला संगणक झोपला की जोडणी तुटते, आणि लोक दोष वायफायला देतात.

मॅकवर ‘सिस्टिम सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘शेअरिंग’मध्ये फाइल शेअरिंग चालू करून तिथल्या ‘ऑप्शन्स’मध्ये विंडोजसाठीच्या यादीत आपल्या खात्यावर टिक करून पासवर्ड द्यावा लागतो. ती टिक करायची राहून गेली की विंडोजवरून पासवर्ड सतत चुकीचा ठरतो. लिनक्सवर सांबा (विंडोजशी फाइल शेअरिंग करू देणारा प्रोग्रॅम) बसवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की सांबाचा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डहून वेगळा असतो, तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने (smbpasswd -a) स्वतंत्र द्यायचा. कधीतरी एखादीच फाइल पाठवायची असेल तर एवढा खटाटोप नको, विंडोजमधले ‘निअरबाय शेअरिंग’ दोन्हीकडे चालू केले की भागते.

एकच फाइल दोघांनी एकाच वेळी उघडण्याबाबत सावध राहायला हवे. वर्ड किंवा एक्सेलची फाइल एकाने उघडलेली असेल तर दुसऱ्याला ती ‘रीड-ओन्ली’ मिळते, हे संरक्षण चांगले आहे. साध्या टेक्स्ट फाइलला ते नसते. दोघांनी बदल केले तर शेवटी जतन करणाऱ्याचेच राहतात. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल शेअर केलेल्या फोल्डरातून थेट चालवू नये, मायक्रोसॉफ्टचाही त्याला पाठिंबा नाही, ती बिघडते.

शेअर केलेले फोल्डर म्हणजे बॅकअप, असे समजणारे पुष्कळ आहेत. लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तर झेड ड्राइव्हवर लिहिण्याची परवानगी असलेल्या सगळ्या फाइली तो तितक्याच सहज कुलूपबंद करतो. म्हणून वर ‘रीड’ पुरेसे असेल तिथे ‘रीड’च द्या, असे म्हटले. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क घेऊन झाल्यावर काढून ठेवा. बाहेरगावाहून घरच्या फोल्डरमध्ये शिरता यावे म्हणून राउटरमध्ये फाइल शेअरिंगचा ४४५ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटकडे उघडायचा सल्लाही कोणी देतो. तो कोणत्याही परिस्थितीत ऐकू नका. त्या पोर्टची चाचपणी करणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर चोवीस तास फिरत असतात. बाहेरून यायचेच असेल तर व्हीपीएनने, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित बंदिस्त वाटेने, या.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि अनेक घरांत जुन्या संगणकावरून नव्यावर साठा हलवण्याचे काम आता निघणार. आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक मजकुरात फाइल शेअरिंगची कृती येईल तेव्हा ‘पासवर्ड बंद करा’ ही पायरी तीत नसावी आणि तिच्या जागी वेगळे लोकल खाते काढण्याची पायरी असावी, एवढी आमची विनंती आहे.

आपले,
घरगुती व छोट्या कार्यालयांच्या नेटवर्क जोडणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ